१० टक्के युरियाचं लोशन आणि न टिकणारा पीएच: कामाच्या नोंदी

३ मार्च

ताई नर्स आहे. पाळीवर असताना प्रत्येक रुग्णाआधी हात धुवायचे आणि नंतरही धुवायचे, त्यातून बोटांच्या पेरांवर बारीक भेगा पडल्या आहेत. साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप: ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) ९ ते १० असतो आणि निरोगी त्वचेचा वरचा थर साधारण ४.७ ते ५.५ च्या दरम्यान, म्हणजे आम्लधर्मी. दिवसभर साबण लागला की त्या थराला सावरायला वेळच मिळत नाही. तिच्यासाठी युरियाचं हँड लोशन करायचं ठरवलं. युरिया पाणी धरून ठेवतो, खरखरीत त्वचा मऊ करतो आणि १० टक्के हे रोजच्या वापराचं प्रमाण आहे.

२०० ग्रॅमसाठी कागदावर काढलेलं सूत्र असं: युरिया २० ग्रॅम, ग्लिसरीन १०, हलकं तेल १६, सेटेरिल अल्कोहोल ६, तेल आणि पाणी एकत्र धरणारा इमल्सिफायर (ग्लिसरिल स्टिअरेट आणि पीईजी-१०० स्टिअरेटचं तयार मिश्रण) ८, घट्टपणासाठी कार्बोमर ०.६, जंतूंना रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून सोडियम बेंझोएट १ आणि पोटॅशियम सॉर्बेट ०.६, बाकी डिस्टिल्ड वॉटर. शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं, ‘पीएच ५ करणे, सायट्रिक अ‍ॅसिड, गरजेपुरतं’. पुढचे चार महिने त्या एका ओळीवर गेले.

५ मार्च

आज फक्त द्रावणं केली. सायट्रिक अ‍ॅसिड ५० टक्के, पीएच खाली आणायला; सोडियम हायड्रॉक्साइड (कॉस्टिक सोडा) १० टक्के, वर न्यायला. हायड्रॉक्साइडच्या वेळी हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी. बीकरमध्ये आधी ९० ग्रॅम थंड पाणी आणि त्यात थोडे थोडे करून १० ग्रॅम दाणे. क्रम उलटा कधीही करायचा नाही. दाण्यांवर पाणी ओतलं तर ते जागच्या जागी उकळून अंगावर उडू शकतं. क्रम बरोबर असूनही दोन मिनिटांत बीकर हातात धरवेना इतका तापला.

ताईने बाटलीवरचं नाव वाचलं. “अगं, याने तर तुंबलेला पाइप मोकळा करतात! हे माझ्या हाताला लावणार तू?” तिची काळजी रास्त आहे, पुष्कळ जणांना लेबल वाचून हेच वाटतं. पण लोशनमध्ये गेल्यावर हायड्रॉक्साइड तसं उरत नाही. आम्लाशी जुळून त्याचं मीठ आणि पाणी होतं. लेबलवर त्याचं नाव येतं ते घातलं म्हणून. तयार वस्तूचा पीएच किती आहे, हे विचारायला हवं. तो ५ असेल तर त्यात कॉस्टिक शिल्लक नाही.

६ मार्च, बॅच १

पाच तास आणि २०० ग्रॅम माल गेला.

सुरुवात छान झाली होती. कार्बोमर पाण्यात भिजवला की पातळ, दुधाळ, आम्लधर्मी पाणी दिसतं. त्यात हायड्रॉक्साइडचे थेंब गेले की साखळ्यांवर ऋण भार येतो, त्या एकमेकींना ढकलून उलगडतात आणि बघता बघता जेल होतं. तेलाचा भाग ७५ अंशांवर मिसळला, हँड ब्लेंडरने फिरवलं, थंड केलं, प्रिझर्व्हेटिव्ह घातलं. चमच्यावरून घडी पडत उतरणारं, अगदी हवं होतं तसं लोशन.

मग पीएच. मीटर दाखवत होता ६.९. सायट्रिकचं ५० टक्के द्रावण अर्धा चमचा घातलं, ढवळलं, तरी ६.९. आणखी अर्धा चमचा, मग ६.८. मला वाटलं आम्ल कमी पडतंय. आणखी दोन वेळा अर्धा अर्धा चमचा घातला. तीन-चार मिनिटांनी आकडा घसरायला लागला आणि थांबेचना. ५.५, ४.६, ३.९ करत ३.४ वर येऊन टेकला. तोपर्यंत भांड्यातलं लोशन दुधासारखं पातळ झालं होतं, कारण आम्लात कार्बोमरच्या साखळ्या पुन्हा गुंडाळल्या गेल्या.

मी हायड्रॉक्साइडने ते वर आणायला घेतलं. ५.२ पर्यंत यायला १० टक्क्यांचं जवळपास २० ग्रॅम द्रावण लागलं. पीएच आला, पण घट्टपणा काही परत आला नाही. आम्ल आणि अल्कली एकमेकांवर ओतत गेलं की प्रत्येक फेरीत मीठ तयार होतं, आणि कार्बोमरला मीठ अजिबात सोसत नाही. पीएच बरोबर दाखवणारं पांढरं पाणी हातात राहिलं. ओतून दिलं.

७ मार्च

दोष मीटरचा होता की माझा, ते पाहिलं. माझाच होता. इलेक्ट्रोड मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवत होते. स्वच्छ पाणी म्हणजे चांगलं असं मनात धरलेलं. त्याने इलेक्ट्रोडमधले क्षार बाहेर झिरपतात आणि तो सुस्त होतो. तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचा असतो. शिवाय खरेदी केल्यापासून एकदाही कॅलिब्रेट केलेला (माहीत असलेल्या पीएचच्या द्रावणावर जुळवलेला) नव्हता आणि काचेच्या टोकावर तेलाचा पातळ थर बसला होता.

सौम्य डिटर्जंटच्या पाण्याने टोक धुतलं, रात्रभर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवलं. ७.०० आणि ४.०१ या ठरलेल्या पीएचच्या दोन द्रावणांवर (बफरवर) कॅलिब्रेशन केलं. आता आकडा अर्ध्या मिनिटात स्थिरावतो. यापुढचे नियम: लोशन थेट मोजायचं नाही, १ भाग लोशन ९ भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये नीट मिसळून मोजायचं. नमुना २५ अंशांच्या आसपास आल्यावरच मोजायचा. दर वेळी आधी ४.०१ च्या बफरवर तपासायचं.

१४ मार्च, बॅच २

दोन बदल केले. कार्बोमर काढून ०.४ टक्के झांथन गम घेतला. बेंझोएट आणि सॉर्बेट हेही क्षारच आहेत, म्हणजे चूक झाली नसती तरी कार्बोमर त्यांच्यापुढे थोडा ढिलावलाच असता. झांथन मीठ सोसतो आणि आम्लातही टिकतो. स्पर्श कार्बोमरइतका रेशमी नाही, किंचित चिकट आहे. चालेल. दुसरा बदल म्हणजे सायट्रिकचं द्रावण ५० ऐवजी १० टक्के.

पीएचचं माप लॉगरिदमिक आहे. सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये ते मांडलं तेव्हापासून एका अंकाचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक. त्यामुळे ‘७ वरून ६ ला इतकं लागलं, ६ वरून ५ लाही तितकंच लागेल’ हा हिशेब चुकतो. म्हणून या वेळी आधी ५० ग्रॅम लोशन बाजूला काढलं आणि ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर द्रावण तोलून घातलं. सुरुवात ७.३, कारण बेंझोएट आणि सॉर्बेट स्वतःच पीएच वर ढकलतात. ०.७० ग्रॅमला ५.० आला. उरलेल्या १५० ग्रॅमला २.१ ग्रॅम लागणार हे कळलं. आधी १.८ घातलं, मग ०.१ च्या टप्प्याने पुढे गेले. ५.० वर थांबले. कामाला वीस मिनिटं लागली. थेंब मोजण्यापेक्षा द्रावण तोलणं कितीतरी सोपं आहे.

५.० च का, तेही लिहून ठेवते. बेंझोएट जंतूंना रोखतं ते बेंझोइक अ‍ॅसिडच्या रूपात, आणि पीएच जितका वर तितकं ते रूप कमी उरतं. ४.२ ला निम्मं, ५.० ला सुमारे १४ टक्के. सॉर्बेट जरा बरं आहे, ५.० ला सुमारे ३७ टक्के. म्हणजे या जोडीला ५ किंवा त्याखाली राहणं भाग आहे. त्वचेच्या दृष्टीनेही ५ उत्तम.

दोन बरण्या भरल्या. एक कपाटात ठेवली, एक ४० अंशांच्या उबदार पेटीत (थर्मोकोलचा खोका, छोटा बल्ब, थर्मोस्टॅट). उबेत बदल लवकर दिसतात.

२१ मार्च

उबदार बरणी ५.५. मला वाटलं मोजताना चूक झाली. बफरवर मीटर तपासला, बरोबर होता. पुन्हा मोजलं, ५.५ च.

२८ मार्च

६.१.

४ एप्रिल

६.६. कपाटातली बरणी ५.२.

दिसायला लोशन पहिल्या दिवसासारखंच. रंग तोच, थर सुटलेले नाहीत, वास नाही. मीटर नसता तर हे लोशन मी ताईला देऊन मोकळी झाले असते. आणि ६.६ ला बेंझोएटचं कामाचं रूप अर्ध्या टक्क्याहूनही कमी, सॉर्बेटचं दीड टक्क्याच्या आत. म्हणजे बरणीत प्रिझर्व्हेटिव्ह आहे, पण त्याचा उपयोग शून्य.

७ एप्रिल

कारण युरिया. पाण्यात तो फार हळू, पण सतत विघटित होत राहतो आणि अमोनिया सोडतो. उष्णतेत वेग वाढतो. अमोनिया अल्कधर्मी, म्हणून पीएच चढतो. मी निर्धास्त होते कारण अमोनियाचा वास येत नव्हता. पण आम्लधर्मी लोशनमध्ये तो अमोनियम होऊन पाण्यातच राहतो, हवेत येत नाही. वास यायची वाट पाहिली तर फार उशीर झालेला असेल.

आणखी एक गोष्ट उमगली आणि ती मला जास्त लागली. अमोनियाला आधी भेटलं कोण? लोशनमध्ये मोकळ्या आम्लाचा साठा होता तो बेंझोइक आणि सॉर्बिक अ‍ॅसिडचाच, सायट्रिक त्या मानाने नावापुरतं. म्हणजे ज्या आम्लाने लोशन सांभाळायचं, तेच अमोनिया शमवण्यात खर्च होत होतं.

माझी सरळ चूकही होती. युरिया पाण्याच्या भागात घालून मी तो ७५ अंशांवर वीस मिनिटं तापवला होता. एकत्र विरघळवला की एक भांडं कमी लागतं, एवढ्याच कारणासाठी.

११ एप्रिल, बॅच ३

या वेळी युरिया शेवटी, लोशन ४० अंशांखाली आल्यावर. २० ग्रॅम युरिया २० ग्रॅम पाण्यात वेगळा विरघळवला. हायड्रॉक्साइडचा बीकर जसा तापला होता तसा हा गारठतो. बाहेरून दव धरलं, हाताला फ्रीजमधून काढल्यासारखा लागला. हे गार द्रावण तसंच ओतलं तर सेटेरिल अल्कोहोलचे बारीक दाणे धरतील या भीतीने ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबले.

आणि नुसतं आम्ल घालून आकडा गाठण्याऐवजी बफर. म्हणजे दुबळं आम्ल आणि त्याचंच मीठ, दोन्ही एकत्र. अमोनिया आला की आम्लाचा साठा तो शोषून घेतो आणि पीएच फारसा हलत नाही. लॅक्टिक अ‍ॅसिड आणि सोडियम लॅक्टेट घेतलं, मिळून सुमारे १ टक्का, कारण युरियाच्या पुष्कळ क्रीमच्या लेबलवर हीच जोडी दिसते. लक्ष्य ४.८.

लॅक्टिक जरा जास्त पडलं आणि पीएच ४.३ वर गेला. हायड्रॉक्साइडच्या बाटलीचं झाकण नीट लागलं नव्हतं, तोंडाशी पांढरी खपली धरली होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून त्याचं कार्बोनेट होतं, मग ते १० टक्क्यांचं राहत नाही. नवं करण्याचा कंटाळा आला आणि मी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. अर्धा ग्रॅमही नसेल. भांड्यात फसफसून फेस वर आला आणि घट्ट लोशनमध्ये हजारो बुडबुडे अडकून बसले. बुडबुडे काचेच्या टोकाला चिकटल्याने मीटरचा आकडा नाचायला लागला. ढवळत, ठोकत, थांबत दोन तास गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ४.८ स्थिर मिळाला. घट्ट वस्तूत सोड्याने पीएच वाढवू नका. नवं हायड्रॉक्साइड करायला दहा मिनिटं लागली असती.

१८ एप्रिल

बॅच ३, उबदार: ४.९.

बॅच २ ची उबदार बरणी फेकायला काढली. पाच आठवडे झाले होते. झाकणाच्या आतल्या कडेला, जिथे वाफेचे थेंब जमतात तिथे, मोहरीएवढा काळसर केसाळ ठिपका होता. आकडेमोड आधीच सांगत होती, तरी तो ठिपका डोळ्यांनी पाहिल्यावर हात थंड पडले. हे लोशन भेगा पडलेल्या हातांवर लागणार होतं.

२२ एप्रिल

बॅच ३ ची कपाटातली बरणी ४.८. ताईने कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहिलं, लाली नाही, खाज नाही. मग हातांना लावलं.

“तळहाताला छान वाटतंय गं, पण पेरांवर चुरचुरतं. दहा मिनिटं तरी.”

उघड्या भेगेवर युरिया चुरचुरतोच, आणि लॅक्टिक अ‍ॅसिडही. कोणाचा वाटा किती हे सांगता येत नाही. भेगा मिटेपर्यंत पेरांवर नुसतं व्हॅसलिन आणि बाकी हाताला लोशन, असं ठरलं. हे आधीच सुचायला हवं होतं. पीएच त्वचेला जुळणारा असला म्हणजे फाटलेल्या त्वचेलाही तो सोसवेल असं नाही.

२ मे

बॅच ३, तीन आठवडे उबेत: ५.३.

बॅच २ च्या ६.६ पुढे हा आकडा पाहून बरं वाटलं, तासभर. मग वही घेऊन बसले. लॅक्टिक अ‍ॅसिडचा पीकेए ३.८६. बफर आपल्या पीकेएच्या आसपास सगळ्यात दमदार असतो, तिथे आम्ल आणि मीठ निम्मं निम्मं असतं. मी त्याला ४.८ वर उभं केलं होतं. तिथे दहातला एकच भाग आम्लाच्या रूपात असतो, नऊ भाग आधीच मीठ. चढणारा पीएच रोखायला उपयोगी पडतो तो हा एकच भाग. ५.३ ला तोही तीन-साडेतीन टक्क्यांवर आला. साठा संपत आलाय, यापुढे पीएच भराभर चढणार.

बफर घातलं म्हणजे झालं, अशी माझी समजूत होती. कुठल्या पीएचला कुठलं आम्ल, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

सायट्रिक अ‍ॅसिडला तीन पीकेए आहेत: ३.१३, ४.७६ आणि ६.४०. मधला नेमका माझ्या लक्ष्यावर. तिथे ते आपला दुसरा प्रोटॉन सोडण्याच्या बरोबर मध्यावर असतं, म्हणजे अमोनिया शोषायला निम्मा साठा हाताशी. बॅच २ मध्येही सायट्रिकच होतं, पण २०० ग्रॅमला जेमतेम पाव ग्रॅमच्या हिशेबाने, आकडा गाठण्यापुरतं. आम्ल तेच, पण ते किती आणि कशासोबत घातलं यावर सगळं अवलंबून.

४ मे, बॅच ४

२०० ग्रॅमला सायट्रिक अ‍ॅसिड (निर्जल) १.२ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट १.२ ग्रॅम. दोन्ही पाण्याच्या भागातच विरघळवली. सायट्रिक मोनोहायड्रेट असेल तर वजन थोडं जास्त घ्यावं लागेल, बाटलीवर पाहून घ्या. युरिया शेवटी, थंड झाल्यावर.

इमल्सिफायरबद्दल एक सूचना. माझा नॉन-आयॉनिक (भार नसलेला) आहे म्हणून या आम्लात टिकतो. स्टिअरिक अ‍ॅसिड आणि ट्रायएथेनॉलअमीन वापरून केलेलं इमल्शन म्हणजे एक प्रकारचा साबणच, त्याला ४.८ वर आणलं तर ते फाटेल. तसं सूत्र असेल तर आम्ल घालण्याआधी इमल्सिफायर बदला.

थंड झाल्यावर पीएच ४.५. कागदावरच्या हिशेबाने ४.८ यायला हवा होता. पाण्यात इतके क्षार असले की पीकेए पुस्तकातल्या आकड्यापेक्षा खाली सरकतात. नव्या हायड्रॉक्साइडचं १० टक्के द्रावण ०.२ ग्रॅमच्या टप्प्याने घातलं, ढवळून दोन मिनिटं थांबून मोजलं. १.१ ग्रॅमला ४.८. प्रत्येक टप्प्याला आकडा अगदी थोडा हलत होता. बॅच १ मध्ये आकडा हलत नाही म्हणून मी आम्ल ओतत सुटले होते, इथे तो हळू हलतोय ते बफर काम करतोय म्हणून. मीटर सुस्त आहे की बफर दमदार आहे, हे ओळखायचं तर मधे एकदा इलेक्ट्रोड ४.०१ च्या बफरमध्ये बुडवून पाहायचा.

झांथनचा घट्टपणा तसाच राहिला. काम अडीच तासांत उरकलं.

२३ मे

बॅच ३, सहा आठवडे उबेत: ६.२. वहीतल्या हिशेबाप्रमाणेच. पहिल्या तीन आठवड्यांत अर्धा अंक चढला होता, पुढच्या तीनमध्ये जवळपास एक. तिसऱ्या आठवड्यात मोजून थांबले असते तर ही बॅच मी पास केली असती.

ताईकडची बॅच ३ ची बरणी परत आणली. तिचा पीएच ४.९ होता, खोलीच्या तापमानाला काही बिघडलं नव्हतं. पण तिच्या पाळीच्या खोलीत बरणी कुठल्या खिडकीत राहते ते मला माहीत नाही.

२५ मे

बॅच ४, तीन आठवडे उबेत: ५.०. कपाटातली ४.८.

२७ मे

बॅच ४ ताईला दिली. पेरांवरच्या भेगा आता बऱ्याच मिटल्या आहेत. पुन्हा कोपराच्या आत लावून पाहिलं, मग हातांना. पेरांवर किंचित चुरचुरलं, मिनिटभर. बरणीऐवजी ५० ग्रॅमची पंपाची बाटली दिली, म्हणजे बोटं आत जाणार नाहीत. बाटलीवर तारीख आणि ‘सहा आठवड्यांनी टाकून देणे’ असं लिहिलं. घरी पीएच मोजता येतो, जंतू मोजता येत नाहीत. प्रिझर्व्हेटिव्ह खरंच पुरेसं आहे का हे प्रयोगशाळेतल्या चाचणीनेच कळतं. विकायचा विचार असेल तर ती चाचणी झाल्याशिवाय एकही बाटली बाहेर जाऊ देऊ नये.

१५ जून

बॅच ४, सहा आठवडे उबेत: ५.३. मी स्वतःसाठी ५.२ ही मर्यादा ठेवली होती, ती ओलांडली. कपाटातली बाटली अजून ४.८ आहे आणि ताईला सहा आठवड्यांपुरतंच वापरायचं आहे, म्हणून चालू ठेवतेय. पण सतत ४० अंशांत राहणाऱ्या बाटलीसाठी हे पुरेसं नाही. पुढच्या बॅचमध्ये दोन्ही सायट्रेट दीडपट करून आणि सुरुवात ४.६ वर ठेवून पाहायचं आहे. ग्लुकोनोलॅक्टोनही मागवलं आहे. ते पाण्यात हळूहळू ग्लुकोनिक अ‍ॅसिड होत जातं, म्हणजे अमोनिया जसा सावकाश येतो तसं आम्लही सावकाश येत राहील. दोन्ही एकदम घालणार नाही, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

२९ जून

बॅच ४, आठ आठवडे कपाटात: ४.८.

ताई रात्रपाळी करून आली. टेबलाशी बसून तिने हात पुढे केला आणि मूठ मिटली. मार्चमध्ये मूठ मिटली की मधल्या बोटाच्या पेरावरची भेग उघडायची आणि तिथे लाल रेघ दिसायची. आज त्या जागी फिकट गुलाबी, थोडी जाडसर त्वचा आहे आणि मूठ पूर्ण मिटते. “बाटली संपत आलीय, पुढची कधी?” असं विचारलं. तिची बाटली मोजली, तळाशी जेमतेम चमचाभर लोशन होतं: ४.९.

बॅच ५ साठी सायट्रिक १.८ आणि सायट्रेट १.८ ग्रॅम तोलून ठेवलं आहे. इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडमध्ये आहे.